एका छपराखाली बारा चुली

प्रश्न असा आहे: "मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात भावाकडे बर्मिंगहॅमला गेले होते, तेव्हा एक दिवस कॉट्सवोल्ड भागातल्या चिपिंग कॅम्डेन गावी जाऊन आलो. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, उंच दगडी जोत्यावर, मधाच्या रंगाच्या दगडाची एक लांब इमारत दिसली. १६१२ साली गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेलं आम्सहाउस आहे, एवढंच कळलं. ही एक इमारत धरायची की बारा घरं? गरिबांसाठी बांधलेली वास्तू इतकी देखणी का? आणि चारशे वर्षं ती टिकली कशी? मला यावर टिपण लिहायचं आहे."

गेली बावीस वर्षं मी इंग्लंडमध्ये जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. चर्च झाली, पूल झाले, धान्याची कोठारं झाली. पण आम्सहाउसची रांग हातात आली की मी जरा जास्तच रमते. त्यामुळे उत्तर लांबेल.

एक इमारत की बारा घरं, हा तुमचा प्रश्न ती बांधणाऱ्यांनाही पडलेला होता. दात्याला गावात उठून दिसेल अशी एक भारदस्त वास्तू हवी असते. आत राहणाऱ्याला स्वतःचं दार आणि स्वतःची चूल हवी असते. दोघांचं समाधान एकाच भिंतीत करायचं आहे. तुम्ही पाहिलेला दर्शनी भाग ही या पेचाची सोडवणूक आहे, आणि टिपण लिहिताना हे सूत्र धरलंत तर दारं, खिडक्या, धुराडी आपोआप जागेवर बसतील.

आधी शब्दाचं बघू. लिहिताना इंग्रजीत त्यात 'ल' येतो, बोलताना येत नाही, म्हणून आम्सहाउस. मराठीत कुणी त्याला धर्मशाळा म्हणतं, कुणी वृद्धाश्रम. धर्मशाळेत वाटसरू दोन रात्री टेकतो आणि पुढे जातो. इथे आलेला माणूस बहुधा अखेरपर्यंत राहतो. वृद्धाश्रमात जेवणाची वेळ झाली की सगळे एका पंगतीला बसतात. इथे ज्याचं त्याचं स्वयंपाकघर. आपल्याकडे 'वेगळी चूल मांडली' म्हटलं की घर फुटल्याचा सूर लागतो. या रांगांमध्ये मात्र वेगळी चूल म्हणजे त्या माणसाचा राखलेला मान. दुसऱ्याच्या दानावर जगणाऱ्यालाही आपल्या भांड्यात आपल्याला हवं ते शिजवता यावं, ही कल्पना त्या काळाच्या मानानं मोठी होती. तेव्हा टिपणात आम्सहाउस हाच शब्द ठेवा.

ती कल्पना एका दिवसात आली नाही. मध्ययुगात मठांच्या आश्रयानं चालणाऱ्या अशा संस्थांमध्ये एक मोठं दालन असायचं. दोन्ही बाजूंना खाटा, मधून वाट, आणि पूर्वेच्या टोकाला प्रार्थनागृह, म्हणजे अंथरुणावर पडल्या पडल्या वेदी दिसावी. अशा संस्थांना तेव्हा 'हॉस्पिटल' म्हणायचे, दवाखाना या अर्थानं नव्हे, गरिबांचा आसरा या अर्थानं. चिचेस्टरमधलं सेंट मेरीज हॉस्पिटल हे १३व्या शतकातलं दालन अजून उभं आहे आणि त्यात आजही माणसं राहतात. पण १७व्या शतकात त्या एकसंध दालनाच्या पोटात लहान लहान घरं बांधून काढली आणि त्यांची विटांची धुराडी जुन्या छपरातून वर काढली. बाहेरून पाहिलं की एका अवाढव्य पाख्यातून वर आलेली ती धुराडी दिसतात. एक दालन ते अनेक घरं हा सगळा प्रवास तिथे एकाच इमारतीत दिसतो, म्हणून शक्य झालं तर तिथे जाच.

मधला टप्पा पाहायचा तर ऑक्सफर्डशायरमधलं यूएल्म. खरंखुरं खेडं. विल्यम द ला पोल आणि त्याची बायको अ‍ॅलिस चॉसर, म्हणजे कवी जेफ्री चॉसरची नात, यांनी १४३७ मध्ये राजाची परवानगी घेऊन तेरा गरीब पुरुष आणि दोन धर्मगुरू यांच्यासाठी हे बांधलं. चौक, चौकाभोवती लाकडी खांबांची पडवी, पडवीत एकेकाचं दार. आपल्या वाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला तिथे उभं राहिलं की परकं वाटत नाही, निदान मला तरी वाटलं नाही. या संस्थेची नियमावली टिकून आहे. तिच्यात प्रत्येकाला धुराडं असलेलं एक लहानसं घर मिळावं, जिथे त्याला एकट्यानं खाता-पिता आणि विसावता येईल, असं लिहिलेलं आहे. धुराड्याचा उल्लेख नियमातच आहे. १५व्या शतकात स्वतंत्र धुराडं ही सुखवस्तू माणसाची गोष्ट होती. साध्या घरांत धूर छपरातून वाट काढायचा. तेव्हा हे एक कलम म्हणजे केवढं दान, ते लक्षात घ्या.

त्या बदल्यात यूएल्मच्या रहिवाशांनी दिवसातून अनेकदा प्रार्थना करायची, दात्यांच्या आत्म्यासाठी. म्हणून चौकातून थेट चर्चच्या पश्चिम टोकाला चढून जाणारी वाट आहे. वाकलेल्या पाठीच्या माणसाला पावसातून जावं लागू नये म्हणून ती झाकलेली आहे.

नंतर आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत मठ मोडले. १५४७ च्या कायद्यानं मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणाऱ्या देणग्याही बंद झाल्या. मठांच्या आश्रयाची अनेक हॉस्पिटलं त्यात गेली आणि गरिबांचा भार गावावर आला. १५९७ मध्ये कायदा असा झाला की राजाची खास सनद न घेताही कुणालाही नोंदणीकृत दस्त करून असं घर स्थापता यावं. १६०१ मध्ये गरिबांचा कायदा आणि दानधर्माच्या पैशाच्या वापराचा कायदा, दोन्ही आले. वाट मोकळी झाली आणि व्यापारात पैसा मिळवलेल्या माणसांनी गावोगाव आम्सहाउस बांधायला घेतली. कॅम्डेनची रांग या लाटेतली आहे.

बॅप्टिस्ट हिक्स हा लंडनचा रेशमी कापडाचा व्यापारी. राजा पहिला जेम्स आणि त्याच्या दरबाऱ्यांना तो माल उधार द्यायचा, पैसेही द्यायचा. १६०३ मध्ये सर झाला, १६२८ मध्ये व्हायकाउंट कॅम्डेन, आणि पुढच्याच वर्षी वारला. कॅम्डेनची जहागीर घेतल्यावर त्यानं चर्चशेजारी स्वतःसाठी मोठा वाडा बांधला, १६१२ मध्ये सहा पुरुष आणि सहा स्त्रियांसाठी हे आम्सहाउस बांधलं आणि १६२७ मध्ये हमरस्त्यावर कमानींचा बाजारमंडप. आम्सहाउसला १००० पौंड खर्च आल्याचं सांगतात. त्याच १६१२ साली लंडनमध्ये त्यानं मिडलसेक्सच्या न्यायाधीशांना स्वखर्चानं इमारतही बांधून दिली. स्वतःचा वाडा मात्र १६४५ मध्ये यादवी युद्धात राजाच्याच सैनिकांनी माघार घेताना जाळला, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. त्याचे दोन मेजवानी-मंडप, फाटक आणि थोडे अवशेष उरलेत. बारा घरांत आजही बारा निवृत्त माणसांची सोय होते.

आता जागा. वाड्याचं फाटक आणि चर्च यांच्याकडे जाणाऱ्या वाटेवर ही रांग आहे, म्हणजे रविवारी गाव तिच्यासमोरून जाणार. नवीन प्रोटेस्टंट पंथात दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला म्हाताऱ्यांना बसवता येत नव्हतं. ते स्मरणाचं काम मग दगडानं करायचं होतं. म्हणून यूएल्मला जे प्रार्थनेत होतं ते कॅम्डेनला दर्शनी भागावर आलं: घडीव दगड, कोरलेलं घराण्याचं चिन्ह, मोजून बसवलेली सममिती. "गरिबांसाठी असून देखणी का" याचं माझ्या मते हेच खरं उत्तर. दात्याचं नाव राहावं म्हणून देखणेपण होतं. ते मान्य करून मी असंही म्हणेन की त्यामुळे आत राहणाऱ्याला जे मिळालं ते अस्सल होतं; जाड भिंत, कोरडं जोतं, टिकाऊ छप्पर. बाहेर शोभा आणि आत कुचंबणा असं इथे घडलेलं नाही.

इमारतीचा आराखडा इंग्रजी मोठ्या 'आय' अक्षरासारखा, दोन्ही टोकांना आडवी पट्टी असलेला आहे आणि तो जेम्स राजाच्या लॅटिन नावातल्या, इआकोबुसमधल्या, आद्याक्षराचा मान आहे, असं गावात सांगतात. राजाचं देणं-घेणं असलेल्या व्यापाऱ्याला हे सुचणं शक्य आहे. पण तुम्ही बांधणीच्या अंगानंही पाहा. लांब सरळ भिंत आणि तिच्यावर दगडी फरश्यांचं ओझं असलं की टोकांना आडव्या भिंतींचा आधार लागतो. मान आणि गरज दोन्ही एका रेषेत बसली असतील.

जोत्याकडे तुमचं लक्ष गेलं हे बरं झालं. रस्ता चढाचा आहे, इमारत सपाट. हा फरक पुढच्या दगडी चौथऱ्यानं गिळला आहे. त्यामुळे बाराही उंबरे एका पातळीत येतात, कुणाचं घर वर आणि कुणाचं खाली असं होत नाही. पाणी रस्त्याकडे निघून जातं आणि भिंतीचा पाया कोरडा राहतो. शिवाय गाड्यांची चिखल उडवणारी वर्दळ दारापासून दूर राहते. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला खोलगट दगडी हौद पाहिलात का? त्यातून घोड्यांच्या गाड्या हाकत नेऊन चाकं धुवायचे आणि लाकूड फुगून चाकाची धाव घट्ट बसायची. तो नंतरचा आहे, पण त्या रस्त्यावर किती चिखल होता याची कल्पना येते.

दर्शनी भिंतीत दारांची रुंदी बेताची, माथ्यावर चपटी कमान. अशा रांगांमध्ये अनेकदा दोन दारं शेजारीशेजारी, जोडीनं बसवतात. दूरून डोळ्याला ती जोडी एक एकक वाटते, त्यामुळे बारा भोकांची चाळणी दिसण्याऐवजी लांब अंतरानं आलेली भारदस्त प्रवेशद्वारं दिसतात. जवळ गेलं की कळतं, दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत. दात्याची एक वास्तू आणि रहिवाशाचं एक दार, दोघांनाही हवं ते मिळालं. आतल्या चुलीही मग पाठीला पाठ लावून येतात, धूर एकाच जाड भिंतीतून वर जातो आणि छपरावर धुराड्यांचे गुच्छ तयार होतात. दगड वाचतो, ऊब दोन्ही घरांना मिळते, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला आभाळावर एक ठाम लय दिसते. मी कुठल्याही आम्सहाउससमोर उभी राहिले की आधी धुराडी मोजते, मग दारं. दोन्ही जुळली नाहीत तर मधे कधीतरी दोन घरं एक केलेली असतात.

खिडक्यांना मधे दगडी उभे दांडे आहेत, कारण त्या काळात काच लहान तुकड्यांत मिळायची. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडायचे, ती जाळी मऊ, वाऱ्यानं वाकणारी. मोठ्या भोकात ती टिकत नाही. म्हणून भोक दगडी दांड्यांनी अरुंद कप्प्यांत विभागायचं. खिडकीच्या डोक्यावर भिंतीबाहेर आलेली दगडी पट्टी दिसते, ती पाणी झटकण्यासाठी. भिंतीवरून ओघळणारं पाणी चौकटीवर न येता दोन्ही बाजूंना गळून पडतं. आपल्या खिडकीवरच्या छज्जाचंच काम, फक्त ऊन नाही म्हणून ती चार बोटंच पुढे आलेली.

छपराबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ही सगळी वास्तुशैली खरं तर छपरातून खाली उतरलेली आहे. त्या फरश्यांना दगडी स्लेट म्हणतात, पण ती खरी पाटी नव्हे. तोही चुनखडकच, पातळ थरांचा. काही खाणींत शरद ऋतूत दगड काढून ओला ठेवायचे, हिवाळ्यात थरांतलं पाणी गोठून फुगायचं आणि दगड आपोआप पानापानांत सुटायचा. मग कडा घडून प्रत्येकीच्या डोक्याशी एक भोक पाडायचं. त्या भोकात ओकच्या लाकडाची खुंटी, आणि खुंटी रिपेवर अडकवलेली. फरशी नुसती लटकते. वळचणीला सगळ्यात मोठ्या, दोन फुटांच्या आसपासच्या फरश्या; वर जाता जाता लहान होत आढ्यापाशी वीतभर. छपरावर काम करणाऱ्यांनी प्रत्येक मापाला नाव ठेवलं होतं, 'बॅचलर', 'विव्हेट' अशी. मोठ्या फरश्या खाली का, तर सगळ्या छपराचं पाणी तिथून जातं, तिथे सांधे कमी हवेत. शिवाय खाणीतून येतं ते सगळं वापरलं जातं, लहान तुकडा वाया जात नाही.

या फरश्या खडबडीत असतात, एकमेकींवर चपखल बसत नाहीत. पाणी रेंगाळलं तर आत शिरणार. म्हणून उतार तीव्र, पन्नास अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. कोकणातल्या कौलारू घराचा उतार देशावरच्या बसक्या धाब्यापेक्षा तीव्र असतो, तेच गणित. वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास, म्हणून आत ओकच्या जाडजूड तुळया. तुळईची लांबी ठरली की खणाची रुंदी ठरली, साधारण पंधरा-सोळा फूट, आणि एका घराची खोलीही त्यावरच ठरली. उतार तीव्र झाला की पोटमाळा प्रशस्त मिळतो. त्याला उजेड हवा. छपराला भोक पाडून खिडकी काढली तर चारही बाजूंनी गळती. मग या भागातल्या कारागिरांनी भिंतच वर चढवली आणि त्रिकोणी गेबल केला, त्यात खिडकी. तुम्हाला जे त्रिकोण सौंदर्यासाठी केलेले वाटले, ते असे आले. फक्त गेबलचं लहान छप्पर मोठ्या पाख्याला जिथे मिळतं तिथे पन्हळ तयार होते. आपण तिथे पत्रा किंवा शिसं घालू. जुने कारागीर तिथे फरश्यांनाच निमुळती घडाई देऊन त्या वळवत नेतात, जणू कापडाची चुणी. आज हे काम नीट करणारी माणसं मोजकी आहेत आणि त्यांच्यासाठी दोन वर्षं थांबावं लागलं तरी मी थांबायला सांगते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, टिकली कशी. दगडाचा वाटा आहेच. हा चुनखडक खाणीतून काढल्यावर ओला आणि मऊ असतो, करवतीनं कापता येतो. हवेत सुकताना ओल पृष्ठभागाशी येते आणि तिथे कठीण साल धरते. लोहाच्या अंशानं तो पिवळसर दिसतो. तो थरांचा बनलेला असल्यामुळे खाणीत ज्या बाजूवर तो पडलेला होता त्याच बाजूवर भिंतीत ठेवायचा असतो. थर उभे, रस्त्याकडे तोंड करून लावले तर पानं सुटावीत तसे सुटतात. खिडकीच्या उभ्या दांड्यांत ही चूक सगळ्यात जास्त सापडते, कारण तेवढ्या उंचीचा जाड थर खाणीत सहज मिळत नाही.

पण टिकण्याचं खरं श्रेय मी चुन्याला देते. दोन फुटांच्या भिंती, दोन्ही बाजूंना दगड, पोटात भराव, आणि हे सगळं चुन्यात. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र. भिंतीत शिरलेली ओल दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडते, भिंत थोडी हलली तर दरज सांभाळून घेते, आणि झिजायचं झालं तर आधी दरज झिजते. ती पुन्हा भरता येते. आपल्या वाड्यांच्या गवंड्यांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती. घाण्यावर मळलेला चुना, त्यात गूळ, हिरडा, हेच शहाणपण काळ्या दगडाला लावलेलं होतं.

हे मला एका रांगेनं शिकवलं. कॅम्डेन नव्हे, दुसऱ्याच एका खेड्यातली सहा घरांची लहान रांग. माझ्या चाळीसेक वर्षं आधी कुणा कंत्राटदारानं तिच्या सगळ्या दरजा सिमेंटनं भरून टाकल्या होत्या, मजबुतीसाठी. सिमेंटमधून ओल बाहेर पडेना, म्हणून ती दगडातून पडायला लागली. बरोबर क्षार घेऊन यायची, क्षार दगडाच्या सालीमागे साचायचे, फुगायचे आणि पोपडे पाडायचे. लोणा लागलेली भिंत आपल्याकडेही असते, तशीच. मी पाहिली तेव्हा दगड बोटाच्या पेराएवढा मागे गेला होता आणि सिमेंटच्या दरजा पुढे राहिल्या होत्या, मधमाश्यांच्या रिकाम्या पोळ्यासारख्या. तिथे ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहायच्या. रोज सकाळी खिडकीच्या कठड्यावर पिवळी वाळू पडलेली असायची. त्या ती ब्रशनं गोळा करून जॅमच्या रिकाम्या बरणीत ठेवायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चहा देण्याआधी त्यांनी तीन भरलेल्या बरण्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "ही माझी भिंत." त्यांनी आधी ज्यांना ज्यांना दाखवल्या त्यांनी कौतुक केलं आणि निघून गेले होते.

सिमेंट काढायला अख्खा उन्हाळा गेला. यंत्र लावलं तर दगडाची कड तुटते, म्हणून छिन्नी आणि लहान हातोडी, एकेक दरज. अगदीच गेलेले दगड तेवढे बदलले. बाकीच्यांना हात लावला नाही, झिजलेले असले तरी. विल्यम मॉरिस आणि त्याच्या सोबत्यांनी १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली तेव्हापासून इथे हा दंडक आहे की दुरुस्ती करा, नव्यासारखं करू नका. नवा चुना कालवताना रंग जुळण्यासाठी त्याच जातीच्या दगडाची भुकटी घालतात. आम्ही त्या बाईंच्या बरण्या मागितल्या. दोन दिल्या, एक त्यांनी ठेवून घेतली. त्यांच्या दाराशेजारच्या दरजांमध्ये त्यांचीच भिंत परत गेली आहे.

त्याच रांगेत दुसरी गोष्ट दिसली ती बंद चुलींची. विजेचे हीटर आल्यावर चुलीचं तोंड फळी ठोकून बंद केलं, वर धुराडं उघडं. पावसाचं पाणी आत पडतं, हवा खेळत नाही, चारशे वर्षांच्या काजळीतले क्षार ओल ओढतात आणि आतल्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. लोक छप्पर गळतं समजून छपरावर खर्च करतात. फळीला हाताएवढी जाळी आणि धुराड्यावर टोपी, एवढ्यानं बहुतेक वेळा काम होतं. चूल विझली तरी तिला श्वास लागतो.

टिकण्याचं आणखी एक कारण तुमच्या टिपणात जरूर घाला: या इमारती कधी रिकाम्या पडल्या नाहीत. देणगीच्या जमिनींचं उत्पन्न दुरुस्तीला बांधलेलं होतं. यूएल्मसाठी मार्श गिबन, कोनोक आणि रॅमरिज अशी तीन गावं लावून दिली होती. आजही ब्रिटनमध्ये सोळाशेच्या वर आम्सहाउस न्यास आहेत आणि त्यांच्या घरांत सुमारे ३६,००० माणसं राहतात. राहणारा कायद्यानं भाडेकरू नसतो, लाभार्थी असतो. भाड्याऐवजी देखभालीचा आठवड्याचा वाटा देतो. पण माणसं बदलली. एक खोली खाली, एक वर, मधे वळणाचा अरुंद जिना, न्हाणीघर परसात, हे आज चालत नाही. यूएल्मला १९७० मध्ये तेरा घरांची आठ केली. मला स्वतःला दोन घरं एक करणं जड जातं, पण एखाद्या म्हाताऱ्या माणसानं रात्री तो जिना उतरून जावं यापेक्षा ते शतपटीनं बरं. अशा वेळी मी एवढंच धरून ठेवते की बाहेरचं दुसरं दार भिंत घालून बुजवायचं नाही. आतून कपाट करा, पण दार जागेवर राहू द्या. उद्या कुणाला पुन्हा वेगळं करावंसं वाटलं तर वाट उघडी हवी.

तुलनेसाठी दोन रांगा सुचवते. डेव्हनमधल्या मोर्टनहॅम्पस्टेडची १६३७ ची रांग ग्रॅनाइटची, छप्पर गवताचं, आणि पुढे ठेंगण्या खांबांची उघडी पडवी. ग्रॅनाइट नाजूक कोरता येत नाही, म्हणून तिथे सगळं थोराड आणि गोलसर. बकिंगहॅमशायरमधल्या क्वेन्टनची विनवुड रांग १६८७ ची, विटांची, डच वळणाचे गेबल. तिन्ही रांगांमधली गरज तीच. दगड, ग्रॅनाइट आणि वीट बदलली की घराचा चेहरा किती बदलतो ते एका पानावर काढून दाखवता येईल. विटांच्या रांगेबद्दल जास्त सांगत नाही, तो वेगळाच विषय आहे.

रेखाटनं करणार असाल तर पुढची बाजू सगळेच काढतात. शक्य असेल तिथे मागची काढा. मागे भिंतीचा दगड ओबडधोबड होतो, सममिती सुटते, आणि ज्याला जिथे खिडकी लागली तिथे ती निघालेली दिसते. मात्र ही माणसांची राहती घरं आहेत. परवानगीशिवाय परसात जाऊ नका, खिडकीतून डोकावू नका. विश्वस्तांना पत्र लिहिलंत आणि विद्यार्थिनी आहात हे सांगितलंत तर बहुतेक वेळा होकार येतो, आणि एखादं दार आतून उघडतंही. तेव्हा मोजपट्टी लगेच काढू नका. आधी उंबऱ्याकडे पाहा: पाय पडून मधे खोलगट झालेला असतो, आणि रांगेतल्या प्रत्येक उंबऱ्याची खोली वेगळी असते. त्या मोजल्यात आणि एका ओळीत काढल्यात तर मला ते चित्र बघायला आवडेल.